उघडं ठेवू नये

मार्च उजाडला की दिल्लीतले कडुनिंब पानं टाकू लागतात आणि पाचोळेकाकांचं आर्थिक वर्ष सुरू होतं. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात हयात घालवलेल्या माणसाला मार्च म्हटलं की घाई सुटतच नाही. नोकरीत असताना ते या महिन्यात शिल्लक अनुदान ३१ तारखेच्या आत खर्ची घालायच्या मागे असत. आता ३१च्या आत मिळेल तेवढा पाला पोत्यांत भरायच्या मागे असतात. दिल्लीची मोठी पानगळ ऐन थंडीत न होता नेमकी मार्च-एप्रिलमध्ये होते, यावरून परमेश्वरही अर्थ मंत्रालयाच्या परिपत्रकांबाहेर नाही असं त्यांचं मत झालेलं आहे.

पाचोळे हे त्यांचं आडनाव नव्हे. पूर्व दिल्लीत पटपडगंजच्या बाजूला सोसायट्यांची जी लांबच लांब रांग आहे, तिच्यातल्या एका सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात. तिथल्या चार-दोन मराठी घरांनी त्यांना पाचोळेकाका केलं. बाकी सोसायटीचे ते पत्तेवाले अंकल. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटी खराब होऊ नये म्हणून तिला प्लास्टिकचं आवरण घातलेलं आहे आणि त्या आवरणावर दिल्लीची धूळ बसल्यामुळे नाव काही वाचता येत नाही.

काकांना उघडं काही बघवत नाही. त्यांच्या घरी फ्रिजला कव्हर आहे, फ्रिजच्या हँडलला निराळं कव्हर आहे. मिक्सरला टोपडं आहे. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि पिशवीला रबर बँड असतो, त्यामुळे आवाज वाढवायला जावं तर चॅनेल बदलतो. टीव्हीला पडदा आहे, तो साडेसहाच्या बातम्यांना काका स्वतः बाजूला सारतात. शेजारचा एक पंजाबी मुलगा लहानपणी हे पाहून टाळ्या वाजवायचा. सोफ्याला दोन कव्हरं आहेत. वरचं रोजचं. त्याच्या आतलं पाहुण्यांसाठी. खालचा मूळ सोफा कोणासाठी आहे हे ठरलेलं नाही. त्याचा रंग सुनेनेही पाहिलेला नाही, आणि तिच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली.

याचं मूळ वाळवे तालुक्यात. अन्न उघडं ठेवू नये, दार उघडं ठेवू नये, उन्हात डोकं उघडं ठेवू नये, आपला पगार कोणापाशी उघड करू नये, ही आईची शिकवण घेऊन काका १९७४ साली दिल्लीला आले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात, पुढे आर. के. पुरममध्ये, त्यांनी ती तंतोतंत पाळली. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये आले, खिडकीत चहा घेऊन बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं की या संसारात एक गोष्ट झाकायची राहून गेली. खिडकीखालची माती.

झाडाखालची माती पाल्याने, गवताने किंवा भुशाने झाकावी, ही काही काकांची कल्पना नव्हे. जंगल कोणाला न विचारता हे करत आलेलं आहे. आपल्याकडचे अमरावतीचे सुभाष पाळेकर, २०१६ साली ज्यांना पद्मश्री मिळाली, ते तर आपल्या नैसर्गिक शेतीत बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या पंक्तीला आच्छादनाचं पान मांडतात. कोल्हापूरला गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी घरच्या पालापाचोळ्यावर केवढं पिकवता येतं हे प्रयोग परिवारामार्फत लोकांना करून दाखवायला लावलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ काकांच्या कपाटात आहे. खाकी कव्हर असल्यामुळे ते तेच पुस्तक आहे हे मात्र काकांच्या शब्दावर मानावं लागतं.

शास्त्र मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि ते सांगायला त्यांना निमित्त लागत नाही. लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसाला ते तळमजल्यावरून सातव्या मजल्यापर्यंत पुरेल एवढं सांगतात, स्वतःला कुठे जायचं नसलं तरी. तीन इंच पाला पसरा. ऊन मातीपर्यंत पोचलं नाही की ओल उडत नाही. उजेड पोचला नाही की तणाचं बी रुजत नाही. पावसाचा थेंब मातीवर थेट आपटला नाही की ती थापली जात नाही, भुसभुशीत राहते. खालचा थर गांडुळं ओढून नेतात. पण, आणि इथे काका लिफ्टचं दार हाताने अडवतात, पाला खोडाला भिडवायचा नाही! चार बोटं मोकळी सोडायची, नाहीतर खोड कुजतं. आणि खणून मातीत मिसळायचा नाही, वरच पसरायचा. सुका पाला मातीत गाडला की तो कुजवणारे जिवाणू आधी स्वतःसाठी नत्र घेतात आणि झाड पिवळं पडून बघत बसतं. “खात्यात तरी काय चालायचं? तळापर्यंत पोचायच्या आत मधलेच नत्र खायचे.”

कुठलाही पाला त्यांना चालतो असं मात्र नाही. हिशेबाच्या वहीत त्यांनी एकेका झाडाचा गोपनीय अहवाल लिहिलेला आहे. शिसम : पान लहान, शेंगवर्गीय कुळातलं, लवकर कुजतं, बढतीस पात्र. कडुनिंब : परिश्रमी, मार्चमध्ये विशेष कामगिरी. पिंपळ, आंबा आणि सातवीण : चामड्यासारखी जाड, जागची हलायला तयार नाहीत, आधी चुरडून मगच कामास लावावीत. निलगिरी : शेजाऱ्यांना वाढू देत नाही, सचोटी संशयास्पद. अमलतासाबद्दल त्यांनी नुसतं ‘उशिरा येतो’ असं लिहिलं आहे, कारण तो फुलायच्या सुमारास, एप्रिल-मेमध्ये पानं टाकतो आणि तोवर वही बंद झालेली असते.

काकांचा पहिला शत्रू म्हणजे सोसायटीचा माळी. सायकलवर येणारा, खुरपी पाठीमागे खोचलेला, दिवसाला पाच-सहा सोसायट्या फिरणारा. दिल्लीच्या माळ्याचा धर्म एकच : गुडाई. प्रत्येक झाडाभोवती माती खणून गोल आळं करायचं, ढेकळं फोडायची, आळ्यात एक वाळकं पान दिसता कामा नये. कडेला विटा तिरप्या रोवायच्या, त्यांना गेरू आणि चुन्याचे आळीपाळीने हात मारायचे. राजधानीत याला बाग म्हणतात. बंगले असोत, सरकारी कचेऱ्या असोत, नाही तर आमची सोसायटी. उघडी, खणलेली, रोज पाणी मारलेली तपकिरी माती हीच स्वच्छतेची खूण. काका संध्याकाळी पाला पसरत, माळी सकाळी तो झाडून ढीग करी. दुपारी तो ढीग कोपऱ्यात पेटे. काका धुराच्या वासाने वामकुक्षीतून उठत आणि प्लास्टिकच्या खोळीतला कागद घेऊन खाली धावत.

त्या कागदावर २०१५च्या एप्रिलचा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आहे. उघड्यावर पानं किंवा कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड. पाठीमागे २०१६च्या घनकचरा नियमांतला चौथा नियम : बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवावा. माळ्याला वाचता येत नव्हतं, सेक्रेटरीला येत होतं पण तो वाचत नव्हता. नोव्हेंबरात दिल्लीचा श्वास कोंडला की हाच सेक्रेटरी पंजाबच्या शेतकऱ्यांवर एक तास बोले. मार्चमध्ये सोसायटीचा धूर वर गेला की म्हणे, “अंकलजी, इतने से क्या होता है.”

इथे मला माळ्याची बाजू घ्यावीशी वाटते. एकदा मी त्याला विचारलं, बाबा रे, पाला राहिला तर तुझंच खुरपणं वाचेल, पाणी कमी घालावं लागेल, तुझं काय जातं? तो म्हणाला, “साहब, खुदी हुई मिट्टी दिखती है तो मेमसाब कहती है माली आया था. पत्ते दिखते हैं तो कहती है माली नहीं आया, पैसे काटो.” खणलेलं आळं ही त्याची हजेरी होती. मस्टर रोलवर सही घेतल्याशिवाय शिपायाला पगार न सोडणाऱ्या काकांना हे कळायला हवं होतं. त्यांना ते कळलं नाही. ते म्हणाले, शास्त्र आहे ते.

शास्त्र सिद्ध करायची संधी त्यांना २०२४च्या मे महिन्याने दिली. २९ तारखेला सफदरजंगच्या वेधशाळेत ४६.८ अंश नोंदले गेले. त्याच दिवशी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवून देशभर खळबळ उडवली, आणि मागाहून ते यंत्रच तीन अंश जास्त दाखवत होतं असं निघालं. सरकारी आकड्यांवर काकांचा भरवसा नव्हताच. त्यांनी तसले आकडे स्वतः तयार केलेले होते. त्यांनी काकूंच्या कपाटातून ताप बघायचा थर्मामीटर काढला, उघड्या आळ्यात खोचला आणि माळ्याला, सेक्रेटरीला, इस्त्रीवाल्याला बोलावून आणलं. पारा बेचाळीसच्या रेघेला जाऊन टेकला आणि पुढे जागा नसल्यामुळे थांबला. मग झटकून तोच थर्मामीटर पाल्याखाली. सदतीस.

“इसको बुखार है,” काका उघड्या आळ्याकडे बोट दाखवून म्हणाले. “इसको नहीं है.”

इस्त्रीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली. सेक्रेटरीने डॉक्टर बदला असं सुचवलं. काकूंनी तो थर्मामीटर पुन्हा घरात घेतला नाही.

काकूंविषयी स्वतंत्र लिहायला हवं, पण त्या आपल्याविषयी लिहू देणार नाहीत. त्यांना झेंडू हवा असतो, शेवंती हवी असते, तुळशीपाशी स्वच्छ रांगोळीपुरती जागा हवी असते. त्यांच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरलेला पाला छतापर्यंत गेलेला असतो. “अहो, लोकांच्या घरी फुलं असतात,” असं त्या वर्षातून एकदा, बहुधा पाडव्याला, म्हणतात. काका उत्तर देतात, “अगं, फूल काय, चार दिवसांचं.”

पाला गोळा करण्याच्या बाबतीत त्यांना भीडभाड नाही. गणपती उठले की मंडळातल्या निर्माल्याच्या पिशव्या त्यांच्याकडे येतात. सत्यनारायणाला गेले की तीर्थप्रसादाआधी त्यांचं लक्ष चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खुंटांवर असतं. दसऱ्याचा प्रकार तर सांगायलाच हवा. दिल्लीत आपटा सहजी मिळत नाही, म्हणून मराठी मंडळी कचनाराची पानं वाटतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पानाला तीच मधली खाच. दसऱ्याला काका सगळ्यांकडे जाऊन सोनं देतात, पाया पडवून घेतात, करंजी खातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन त्याच घरांची बेल वाजवतात : “कालचं सोनं वाळलं असेल तर देऊन टाका.” एका नव्या लग्न होऊन आलेल्या मुलीला याची कल्पना नव्हती. सासूबाई घरी नव्हत्या. ती दार लावून आत गेली आणि तिने नवऱ्याला फोन केला.

‘सोनं’ या शब्दाने मेट्रोतही घोळ घातला. लोदी गार्डनच्या कडेला त्यांना उत्तम शिसम सापडला होता. एक पोतं भरून ते जोरबाग स्टेशनात आले. सुरक्षा यंत्रातून पोतं पलीकडे गेलं. पडद्यावर काहीच दिसलं नाही, आणि तेच जवानाला खटकलं. “अंकल, इसमें क्या है?” आता ‘पत्ते’ म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण काकांनी छाती पुढे काढून सांगितलं, “सोना है, सोना!” पुढचा पाऊण तास त्या जवानाने, त्याच्या साहेबाने आणि साहेबाच्या साहेबाने ते पोतं पान पान करून उपसलं. गाड्या येत होत्या आणि जात होत्या. काका मात्र खूश होते. आयुष्यात प्रथमच सरकारी यंत्रणेने पाल्याची इतकी बारकाईने तपासणी केली होती.

थंडीत त्यांची शिल्लक रात्रीच्या गार्डांमुळे घटते. जानेवारीत गेटवर दोन गार्ड बसतात आणि पहाटे तीनच्या धुक्यात त्यांना सोसायटीतला सगळ्यात सुका जिन्नस कुठे ठेवला आहे हे नेमकं माहीत असतं. काकांनी वही तपासली, तूट काढली. पण गार्डांना ओरडायला गेले आणि त्यांचे पाय बघून परत आले. एकाच्या पायात चपला होत्या. हवा फार बिघडली की जे निर्बंध लागू होतात, त्यांत राखणदारांना शेकोटी लागू नये म्हणून सोसायट्यांनी विजेचे हीटर द्यावेत असंही सांगितलेलं आहे. काकांनी तेही खोळीत घालून सेक्रेटरीकडे नेलं. हीटर मंजूर होईपर्यंत होळी येईल हे दिसल्यावर त्यांनी घरातला हीटर गेटवर दिला. तो काकूंच्या गुडघ्यांसाठी मुलाने आणलेला होता. गेटवर प्लग नव्हता. गार्डांनी हीटर जपून टेबलाखाली ठेवला, काकांच्या पद्धतीचा मान राखून त्यावर एक पोतं झाकलं, आणि पोत्यातला पाला पेटवला.

मुलगा गुडगावला राहतो. तिथल्या संकुलात बाग नाही, ‘लँडस्केप’ आहे. काका तिकडे गेले की पहिले दोन तास गप्प असतात. तिथे सकाळी पाठीवर यंत्र बांधलेली मुलं वारा फेकून पानं गोळा करतात. काळ्या पिशव्यांत भरून ती ट्रकमध्ये घालतात. ट्रक बाहेर पडतो आणि त्याच गेटातून दुसरा ट्रक आत येतो, त्यात लाल रंगवलेल्या लाकडाच्या चिपा आणि नारळाचं चिरलेलं सोडण, विकत आणलेलं, झाडांखाली पसरायला. “झाडाची स्वतःची पानं फेकून द्यायची आणि दुसऱ्या झाडाची साल पैसे मोजून आणायची,” काका सुनेला म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, पण दिसायला छान दिसतं ना.” तिच्या सोफ्याला कव्हर नव्हतं. काकांनी विषय वाढवला नाही, पण येताना एक काळी पिशवी गाडीच्या डिकीत घालून आणली.

गावाकडे थोरल्या भावाला ते फोनवर उसाचं पाचट जाळू नको म्हणून सांगतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, सरीत पसर, वर ऐंशी किलो युरिया, शंभर किलो सुपर फॉस्फेट, दहा किलो जिवाणू टाक, असं कृषी खात्याचं सगळं परिपत्रक म्हणून दाखवतात. भाऊ ऐकून घेतो आणि विचारतो, तुझी शेती किती? काका खरं उत्तर देतात : अकरा फूट बाय चार.

पुण्यात अदिती देवधरांच्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमात पानं नकोशी झालेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून दिली जाते, हे कळल्यावर काकांनी दोन दिवस पुण्याला जाऊन राहण्याचा विचार केला. मग म्हणाले, तिथे गरज काय माझी. पाहुण्यांना मात्र ते गच्चीवर घेऊन जातात आणि आग्नेयेकडे बोट करतात. गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर तिथून दिसतो. १९८४ साली सुरू झाला, २००२मध्ये भरला, तरी वाढतच गेला. २०१९ साली ६५ मीटर झाला होता, म्हणजे कुतुबमिनाराला सात-आठ मीटर कमी. “त्यात माझा पाला एक पान नाही,” काका म्हणतात, आणि त्या वेळी ते खरोखरच कुतुबुद्दीन ऐबकासारखे उभे असतात.

मग वाळवी निघाली. समोरच्या तळमजल्याच्या दाराच्या चौकटीला. सर्वसाधारण सभा बोलावली गेली. काकांचं म्हणणं, वाळवी मेलेलं खाते, जिवंत झाडाला सहसा शिवत नाही. समोरच्यांचं म्हणणं, आमची चौकट मेलेलीच आहे. हे निरुत्तर करणारं होतं. काकांनी भिंतीपासून दोन फूट पाला मागे घेतला, हे त्यांनी खरं तर आधीच करायला हवं होतं, कारण पुस्तकात तेच आहे. कव्हर असल्यामुळे कदाचित पुन्हा उघडलं गेलं नसावं. सभेने ठराव केला की अंकलजींनी उद्यान समितीचं निमंत्रक व्हावं. दिल्लीत माणसाला गप्प करायचं असलं की त्याला समिती देतात. समितीला बजेट नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी फाइल उघडली, टिपणी लिहिली, आणि आपल्याच टिपणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून ती स्वतःकडेच परत पाठवली.

पण एक ठराव त्यांनी मंजूर करून घेतला : माळ्याचा पगार खणलेल्या मातीवरून कापायचा नाही, आणि पाल्याच्या प्रत्येक भरल्या पोत्यामागे त्याला दहा रुपये द्यायचे, काकांच्या खिशातून.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत माळ्याने पान जाळलं नाही. माळी आता शेजारच्या दोन सोसायट्यांचाही पाला आणतो. सायकलच्या कॅरियरवर तीन पोती, हँडलला दोन. यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याने भाव वीस केला. काकांनी पोती उलटी करून बघितली. एकात तळाला अर्धी वीट होती, दुसऱ्यात पाणी मारलेलं होतं, वजन दिसावं म्हणून, वास्तविक सौदा वजनाचा नव्हताच. काका भडकले. दहा वर्षं पानं फुकट पडतात, आणि तू वीस रुपये मागतोस?

माळ्याने खुरपी कमरेला खोचली. “अंकलजी, आप ही तो कहते हो. सोना है.”

काकांनी वीसच्या हिशेबाने पैसे दिले, विटेचं पोतं वजा करून. मग पावती मागितली.